आनुवंशिकीचे पाठ्यपुस्तक मागची पाने उघडून निवडावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पदवीचे वर्ग सुरू होण्याच्या सुमारास, पावसाने नुकता जोर धरलेला असताना, आमच्या पडवीत दरवर्षी दोन-चार विद्यार्थी छत्र्या झटकत येतात आणि एकच प्रश्न विचारतात: जेनेटिक्ससाठी कुठले पुस्तक घेऊ? किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. मी निवृत्त झालो, हा प्रश्न मात्र झाला नाही. त्याचे उत्तर एकेकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा आपल्या पत्रातून मांडले, तर विद्यार्थ्यांबरोबरच खरेदीच्या याद्या करणारे प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांच्याही नजरेस पडेल, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

या वर्षी पहिली आली ती आमच्या वाडीतलीच एक मुलगी. तिच्या हातात ‘नव्या अभ्यासक्रमानुसार’ असे मुखपृष्ठावरच छापलेले, जेमतेम सव्वाशे पानांचे पुस्तक होते. प्रत्येक प्रकरणाखाली संभाव्य प्रश्न आणि त्यांची किती गुणांना किती ओळी अशी बेतून दिलेली उत्तरे होती. मुलगी हुशार आहे. द्विसंकराची, म्हणजे एकदम दोन लक्षणांच्या संकराची, सोळा घरांची चौकट तिने माझ्यासमोर एकही खाडाखोड न करता भरली आणि खाली 9:3:3:1 असे लिहून त्याला चौकोनही काढला. मग मी तिला या शास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलचे स्वतःचे आकडे दिले. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत 5474 बिया गोल आणि 1850 सुरकुतलेल्या. विचारले, हे तीनास एक आहे का? तिने बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘सर, आमच्यात आकडे नसतात. गुणोत्तर दिलेले असते.’’

पाठ्यपुस्तकाच्या निवडीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे या एका उत्तरात आहे. आनुवंशिकी हे मोजणीतून अनुमान काढण्याचे शास्त्र आहे. मेंडेलला गुणोत्तर कोणी दिलेले नव्हते. त्याने बिया मोजल्या, आकड्यांवरून न दिसणारे घटक कल्पिले, 1865 साली ब्रनो या गावी ते वाचून दाखवले, 1866 मध्ये छापले, आणि पुढे 1900 सालापर्यंत त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नाही. ज्या पुस्तकात गुणोत्तर आधी येते आणि आकडे येतच नाहीत, ते पुस्तक या शास्त्राचा निकाल सांगते आणि खटला झाकून ठेवते. वरच्या उदाहरणात एकूण बिया 7324 आहेत. तंतोतंत तीनास एक असते तर 5493 आणि 1831 अशी विभागणी झाली असती. प्रत्यक्षात फरक एकोणीस बियांचा आहे. मोजलेले आणि अपेक्षित आकडे कितपत जुळतात हे तपासणारी काय-वर्ग कसोटी लावली तर किंमत साधारण 0.26 येते आणि ती 3.84 या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, म्हणून एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो असे म्हणता येते. हे गणित आठवीच्या मुलाला जमेल. मात्र ते एकदा हाताने केल्याशिवाय ‘तीनास एक’ या शब्दांचा अर्थ पदवीच्या विद्यार्थ्यालाही कळत नाही. एखादे पुस्तक याच्याही पुढे जाऊन, मेंडेलचे एकूण आकडे अपेक्षेपेक्षा जरा जास्तच नेमके आहेत अशी शंका संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1936 साली घेतली होती, हेही सांगत असेल, तर मी ते डोळे मिटून घेईन.

तेव्हा दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हाती आले की अनुक्रमणिका आणि आपला अभ्यासक्रम जुळवत बसू नये. आधी प्रकरणांच्या शेवटची पाने उघडावीत. तिथे ‘टिपा लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ एवढेच असेल तर पुस्तक परत फडताळात ठेवावे. उदाहरणे असतील तर त्यांत कच्चे आकडे दिले आहेत का, वंशावळीच्या आकृत्या आहेत का, साध्यापासून अवघडापर्यंत चढण आहे का, आणि निदान काही उदाहरणे पायरीपायरीने सोडवून दाखवली आहेत का, हे पाहावे. नुसते उत्तर छापलेले असणे पुरेसे नाही. ज्या विद्यार्थ्याला विचारायला जवळ कोणी नाही, आणि आमच्याकडे एसटीने तासभर प्रवास करून महाविद्यालयात येणारे असे विद्यार्थी पुष्कळ आहेत, त्याला आपण चुकलो एवढे कळून भागत नाही. कुठे चुकलो तेही कळावे लागते.

दुसरी परीक्षा जनुकांच्या संलग्नतेच्या, म्हणजे एकाच गुणसूत्रावरची जनुके सहसा एकत्र पुढे जाण्याच्या, प्रकरणाची. हे प्रकरण ज्याला नीट लिहिता आले त्याला बाकीचे पुस्तक लिहिता येते, असा माझा अनुभव आहे. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा स्टर्टेव्हंट नावाचा विद्यार्थी स्वतः पदवीच्या वर्गात असताना, फळमाशीच्या संकरांचे आकडे घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ बाजूला ठेवून रात्रभर बसला आणि जनुकांचा पहिला नकाशा तयार करून सकाळी परत आला. तो नकाशा 1913 साली प्रसिद्ध झाला. दोन जनुके गुणसूत्रावर जितकी दूर, तितकी त्यांची अदलाबदल जास्त, ही त्यामागची कल्पना. चांगले पुस्तक विद्यार्थ्याला तसेच आकडे देते आणि नकाशा त्यालाच काढायला लावते. वाईट पुस्तक नकाशा छापते आणि खाली ‘एक टक्का पुनःसंयोजन म्हणजे एक सेंटिमॉर्गन’ ही व्याख्या ठळक अक्षरांत देते. याच प्रकरणात अर्धगुणसूत्री विभाजनाची (मियोसिस, म्हणजे बीजपेशी बनताना गुणसूत्रे निम्मी होतात ते विभाजन) आकृती पुन्हा येते का, तेही पाहावे. बहुतेक स्वस्त पुस्तकांत हे विभाजन पेशीच्या प्रकरणात एकदा उरकलेले असते आणि मेंडेलच्या प्रकरणात त्याचे नावही निघत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना ते दोन वेगळे विषय वाटतात. माझ्या हाताखालून गेलेल्या पहिल्या वर्षांच्या कितीतरी विद्यार्थ्यांना, जनुके वेगळी होतात ती नेमकी कधी आणि कुठे, हे सांगता येत नसे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

आधी मेंडेल की आधी डीएनए, हा वाद प्राध्यापकांत जुना आहे. हल्लीची काही पुस्तके रेणूपासून सुरुवात करतात. त्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण आपल्या विद्यार्थ्यांसाठी मी मेंडेलच आधी घेईन, कारण बिया हातात धरता येतात. मात्र सुरकुतलेला वाटाणा पुस्तकात एकदाच भेटू नये. त्या सुरकुत्यांचे कारण 1990 साली उलगडले. पिष्ट तयार करण्यात भाग घेणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात डीएनएच्या सुमारे आठशे अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसला आहे आणि त्यामुळे तो विकर नीट बनत नाही. बीमध्ये साखर साचून राहते, साखरेमुळे पाणी जास्त शोषले जाते, आणि बी वाळताना पाणी गेले की साल सैल पडून सुरकुतते. हे वाचले की अप्रभावी म्हणजे काय ते एका झटक्यात कळते. त्या जनुकाची एक चांगली प्रत असली तरी काम भागते, म्हणून बी गोल. ज्या पुस्तकाने मेंडेलचे प्रकरण आणि रेणूंचे प्रकरण यांच्यामध्ये असा पूल बांधला आहे, ते कोणत्याही क्रमाने लिहिलेले असले तरी चालेल.

शब्द निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या मुलीच्या पुस्तकात ‘प्रभावी लक्षण म्हणजे समाजात अधिक प्रमाणात आढळणारे लक्षण’ असे स्पष्ट छापले होते. ही चूक इतकी पसरलेली आहे की मी आता तिचाच चाळणीसारखा उपयोग करतो. हाताला सहा बोटे असणे हे पुष्कळ घराण्यांत प्रभावी लक्षण म्हणून उतरते, तरी सहा बोटांची माणसे विरळाच. उलट ओ रक्तगट अप्रभावी, आणि तो आपल्या आसपास सर्रास दिसतो. पुस्तकात ‘प्रभावी’ची व्याख्या शोधावी आणि तिथे वारंवारतेचा उल्लेख असला तर पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

आता थोडे आपल्या मातीतले. परदेशी पुस्तकांवर नेहमीचा आक्षेप असा की त्यांत आपली उदाहरणे नसतात. आक्षेप खरा आहे, पण उदाहरणे पुस्तकात नसली तर ती वर्गात आणता येतात, आणि कोकणात तर त्यांना तोटा नाही. हापूसची कोय रुजवली तर हापूस येत नाही, येईल तो रायवळ, हे इथल्या कुठल्याही आजीला माहीत असते. का येत नाही, हे मात्र पदवीधरालाही विचारून पाहावे. मेंडेलने वाटाणा घेतला तो स्वपरागणाने पिढ्यान्पिढ्या शुद्ध राहिलेला, म्हणून त्याच्या पहिल्या संकरित पिढीतील सगळी झाडे एकसारखी निघाली. आंब्याच्या मोहोरावर माश्या घोंघावत असतात आणि परागकण कुठल्या झाडाचे कुठे जातील याचा नेम नसतो. त्यामुळे हापूसचे झाड स्वतःच अनेक जनुकांच्या बाबतीत मिश्र आहे. त्याची कोय म्हणजे नव्याने पिसलेले पत्ते. कलम बांधले की तेच पत्ते जसेच्या तसे पुढे जातात.

यावरून मी वर्गात एक उदाहरण घालत असे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात निवडली गेली आणि 1981 साली ती बागायतदारांना मिळाली. साका (गरात पडणारा पांढरट खराब भाग) नसलेला आंबा म्हणून तिचे कौतुक झाले. पुढे रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर करून ‘सिंधू’ आली, जिची कोय अगदी पातळ, नावापुरतीच असते. प्रश्न असे: नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली सगळी रोपे मेंडेलच्या पहिल्या पिढीसारखी एकसारखी का नव्हती, आणि रत्नाची ‘निवड’ का करावी लागली? सिंधूमध्ये हापूसचा वाटा सरासरी किती? उत्तर तीन चतुर्थांश. पण ‘सरासरी’ हा शब्द गाळला तर अर्धे गुण कापायचे, आणि तो शब्द का हवा हे ज्याने सांगितले त्याला मागचे अर्धगुणसूत्री विभाजन समजले असे धरायचे. पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आमच्या वर्गात पहिल्यांदा दिले ते कलमे बांधणाऱ्या घरातल्या एका मुलाने. त्याने पुस्तक उघडलेलेही नव्हते, हे कबूल करताना मला थोडी लाज वाटते.

लिंगनिश्चितीच्या प्रकरणात माणूस, फळमाशी, पक्षी आणि मधमाशी हे ठरलेले चौघे येतात. आपल्याकडे रातांब्याचे (कोकमाचे) आणि जायफळाचे नर आणि मादी झाड वेगळे असते. बियांपासून रोपे लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि हे कळते कधी, तर पाच-सात वर्षे पाणी घालून झाड फुलोऱ्यावर आल्यावर. मग चार रोपे लावली तर एकही मादी नसण्याची शक्यता किती? सोळात एक. दहा लावली तर 1024 मध्ये एक. संभाव्यतेचे हे गणित नाणी उडवून शिकवण्यापेक्षा असे शिकवले तर परसात रातांबा असलेल्या मुलांना ते विसरता येत नाही, आणि घरी जाऊन ती वडिलांना कलमेच आणायला सांगतात.

एका बाबतीत तर परदेशी पुस्तकांनी आपलेच उदाहरण उचलले आहे. ‘बॉम्बे रक्तगट’ 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून प्रथम नोंदवला. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पाया बनवणारे जनुकच या व्यक्तींत काम करत नाही, म्हणून आत बी गटाचे जनुक असले तरी नेहमीच्या तपासणीत रक्त ओ गटाचे दिसते. अशा आईला आणि ओ गटाच्या वडिलांना बी गटाचे मूल होऊ शकते. एका जनुकाने दुसऱ्याला झाकून टाकण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. हाताशी आलेल्या पुस्तकाच्या सूचीत ते शोधावे. नुसता उल्लेख असेल तर ठीक, त्यावर वंशावळ देऊन प्रश्न विचारला असेल तर उत्तम.

राहिला प्रश्न किमतीचा आणि आवृत्तीचा. मोठ्या परदेशी पुस्तकांच्या मूळ आवृत्त्या आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. भारतात छापलेल्या स्वस्त आवृत्त्या मिळतात, पण त्याही प्रत्येकाने घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. एकाच चांगल्या पुस्तकाच्या पाच-सहा प्रती ग्रंथालयात असाव्यात आणि त्यांतली एक तरी घरी नेता येणारी असावी. काचेच्या कपाटात कुलूपबंद ‘संदर्भ ग्रंथ’ म्हणून ठेवलेल्या पुस्तकातील उदाहरणे कोणी सोडवत नाही; ती सोडवायला रात्र लागते. शिवाय नव्या आवृत्तीचा आग्रह निम्म्या पुस्तकापुरताच धरावा. मेंडेल, संलग्नता, वंशावळ यांवरची पंचवीस वर्षांपूर्वीची प्रकरणे आजही तितकीच चालतात आणि जुन्या आवृत्त्या रद्दीच्या भावात मिळतात. रेणूंची प्रकरणे मात्र जुनी चालत नाहीत. मानवी जनुकांची संख्या लाखाच्या घरात सांगणारी पुस्तके अजून फिरत आहेत. प्रथिने बनवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. 2012 मध्ये पुढे आलेले आणि 2020 साली नोबेल मिळालेले, जनुकांत हवा तो बदल करण्याचे क्रिस्पर तंत्र ज्या पुस्तकात नाही, त्याला त्या भागासाठी जोड लागेल. अर्थात छापील आकड्यांवर फार विसंबू नये हेही खरे. माणसाची गुणसूत्रे 48 आहेत असे पुस्तके कित्येक वर्षे सांगत होती. 46 हा आकडा 1956 साली नक्की झाला.

ज्याला काहीच विकत घेणे शक्य नाही, त्याच्यासाठी एक वाट सांगतो. ‘ॲन इंट्रोडक्शन टू जेनेटिक ॲनालिसिस’ हे 1976 पासून निघत असलेले पुस्तक नावाप्रमाणेच विश्लेषणावर आणि उदाहरणांवर उभे आहे. त्याची 2000 सालची सातवी आवृत्ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. ती पहिल्या पानापासून उलटत जाता येत नाही, शब्द टाकून हवा तो भाग शोधावा लागतो. पण मोबाइलला रेंज असली की काम होते, आणि रेंज नसली तर टेकडीवर जाण्याची सवय आमच्या मुलांना आहेच.

इंग्रजीची अडचण मी लहान मानत नाही. दहावीपर्यंत जनुक आणि गुणसूत्र म्हणत आलेल्या मुलाला अकरावीत एकदम सगळे शब्द बदलून मिळतात, आणि पदवीला येईपर्यंत तो दोन्हीकडचे अर्धे विसरलेला असतो. यावर मराठी गाइड हा उपाय नाही. इंग्रजी पुस्तक सोपी, छोटी वाक्ये लिहिणारे निवडावे. एखाद्या प्रकरणातला कुठलाही एक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि तीनपेक्षा अधिक वेळा अडखळायला झाले तर दुसरे पाहावे. शेजारी भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील नोंदी ठेवाव्यात. माझ्या एका विद्यार्थिनीने वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी अर्थ आणि खाली त्यावरचे सोडवलेले एक उदाहरण अशी मांडणी केली होती. ती वही पुढच्या तीन वर्षांच्या मुलांनी झेरॉक्स करून वापरली आणि शेवटी तिच्या कडा पार कुरतडल्या गेल्या.

वाडीतल्या त्या मुलीला मी माझी जुनी प्रत दिली आहे. पहिल्या आठवड्यात तिने संलग्नतेची चार उदाहरणे सोडवली, त्यांतली दोन चुकली, आणि तिसऱ्यात पुस्तकाच्याच उत्तरात चूक आहे असे ती ठासून सांगत आहे. मी अजून तपासलेले नाही.

एक विनंती करून थांबतो. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी कधीकाळी जीवशास्त्रात पदवी घेतली असेल, त्यांच्या माळ्यावर अशी पुस्तके नक्की पडून असतील. ती आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात याच महिन्यात नेऊन द्यावीत. दिवाळीपर्यंत थांबले तर इथल्या दमट हवेत आधी बुरशी आणि मग कसर लागते, आणि कसरीला मागच्या पानांपासून सुरुवात करण्याची फार आवड आहे.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग